वेगळा डॅक घेण्याआधी हे वाचा

घरच्या स्टिरिओला वेगळा डॅक (डिजिटल सिग्नलचं स्पीकरला लागणाऱ्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) लागतो का, हे दुकानात ऐकून ठरवणार असाल, तर मला तो कसा विकला गेला ते सांगतो.

विक्रेत्याने एकच गाणं दोनदा लावलं. आधी फोनच्या हेडफोन जॅकमधून, मग डॅकमधून. दुसऱ्या वेळी गाणं खरंच खुललं. अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमला त्याने हात लावला नाही, आणि तेच तो अभिमानाने दाखवत होता. गोम तिथेच होती. फोनचा जॅक फार तर १ व्होल्टच्या आसपास देतो, डॅक साधारण २ व्होल्ट. व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबलचा फरक. जरा मोठा वाजणारा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग कागदावर पायऱ्या काढून झाल्या. डिजिटल आवाज असा तुटक असतो, हा डॅक तो गुळगुळीत करतो म्हणे. कुठल्याही धड डॅकमधून, अगदी रिसीव्हरच्या (अनेक इनपुट असलेल्या घरच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) आतल्यासुद्धा, फिल्टरनंतर अखंड लहरच बाहेर पडते. खोक्यावर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असं ठळक छापलेलं. बिट म्हणजे आवाजाची प्रत्येक नोंद किती बारीक, आणि हा किलोहर्ट्झचा आकडा म्हणजे सेकंदाला किती हजार नोंदी. सीडी १९८२ पासून १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर वाजते आहे. तेवढ्यात माणसाला ऐकू येणारा २० किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा आवाज मावतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी याला फसवणूक म्हटलं नसतं. पण माझ्या रिसीव्हरचं मॉडेल त्याने आधीच विचारून घेतलं होतं. ‘त्यातली चिप कमजोर आहे, आमचा डॅक तिला वगळून थेट आवाज देतो,’ असं तो म्हणाला. रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये उलटंच लिहिलं आहे: अ‍ॅनालॉग इनपुटवर आलेला सिग्नल पुन्हा डिजिटल होतो, ऐकायच्या खोलीला साजेशी त्यात दुरुस्ती होते, आणि शेवटी त्याच ‘कमजोर’ चिपमधून तो बाहेर येतो. ‘डायरेक्ट’ मोड लावला तरच हा फेरा टळतो, पण मग ती दुरुस्ती आणि खालचे सूर सबवूफरकडे वळवणारी विभागणी दोन्ही बंद.

स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला, १०० हर्ट्झचा सूर वाजवून वेगळा डॅक आणि रिसीव्हरचा आतला डॅक या दोन्ही वाटांचं व्होल्टेज सारखं केलं, आणि घरच्यांना मला न दिसेल असं इनपुट बदलायला सांगितलं. कधी कुठला वाजतोय, ते मला ओळखता येईना.

परत द्यायला फोन केला तर उत्तर तयार होतं: ‘काही आठवडे चालू ठेवा, आवाज हळूहळू उघडतो.’ चालू ठेवला. तेवढ्यात परतीची मुदत सरली. आवाज होता तसाच आहे. त्यामुळे कोणी मशीन ‘मुरू द्या’ म्हणालं, तर परतीची तारीख तेवढी पुढे ढकलून लेखी मागा.

वेगळा डॅक लागणारी घरं आहेतच. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट आणि अ‍ॅम्प्लिफायर जुना, नुसत्या अ‍ॅनालॉग इनपुटचा. किंवा कॉम्प्युटरच्या जॅकमधून सतत खरखर येते. अशा ठिकाणी साधासुधा डॅकही काम करतो. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शिअल इनपुट दिसत असेल, तर डॅक आत आधीच बसलेला आहे. आधी त्यात केबल लावून ऐका.