‘लिव्हिंग विथ हरिकेन्स’ : न्यू ऑर्लिन्समधील कॅटरिना प्रदर्शन

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या जॅक्सन चौकात सेंट लुई कॅथेड्रलला खेटून प्रेस्बिटेअर ही जुनी इमारत उभी आहे. लुइझियाना राज्य संग्रहालयाने तिच्या तळमजल्यावर 2010 साली ‘लिव्हिंग विथ हरिकेन्स : कॅटरिना अँड बियाँड’ हे 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळावरचे प्रदर्शन उभारले. चौकात वाजंत्री, चित्रकार आणि भविष्य सांगणारे यांची सतत वर्दळ असते. तो गजबजाट मागे टाकून आत शिरले की सुरुवातीलाच रॉक अँड रोलचे प्रसिद्ध गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो यांचा पुराच्या पाण्याने खिळखिळा झालेला काळा पियानो भेटतो. वादळाच्या वेळी डॉमिनो शहराच्या लोअर नाइन्थ वॉर्ड या भागातील आपल्या घरीच थांबले होते आणि ते गेले अशी अफवा इतकी पसरली की त्यांच्या घरावर कोणीतरी श्रद्धांजलीच्या ओळी रंगवल्या. प्रत्यक्षात त्यांची सुटका झाली होती आणि त्यानंतर ते 2017 पर्यंत जगले.

प्रदर्शनाचा तांत्रिक भाग मी घाईत उरकणार होतो, पण तिथेच सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो. 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना किनाऱ्यावर आदळले, पूरसंरक्षक बांध आणि कालव्यांच्या भिंती पन्नासहून अधिक ठिकाणी फुटल्या आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यू या कालव्यांच्या भिंती मात्र पाणी माथ्यावरून वाहू लागण्याआधीच खचल्या, ही गोष्ट तितकी ठाऊक नसते. या शहराच्या मनःस्थितीचा उलगडा मला त्या एका तपशिलाने झाला. वाऱ्यापावसाने घर नेले तर माणूस दैवाला बोल लावून कधीतरी गप्प होतो. पण ज्या भिंतीच्या भरवशावर पोराबाळांना निजवले तीच भिंत कच्ची निघाली हे कळले की दुःखात संताप मिसळतो आणि तो पाण्याबरोबर ओसरत नाही. इथले लोक आजही ‘वादळाआधी’ आणि ‘वादळानंतर’ अशीच कालगणना करतात, आणि कोणते वादळ, हे विचारण्याची गरज कोणालाही पडत नाही.

वस्तूंची निवड संयमाने केलेली आहे. एका माणसाची जीन्स येथे ठेवली आहे. आपण वाचलो नाही तर प्रेताची ओळख तरी पटावी म्हणून त्याने त्या कापडावर काळ्या मार्करने पत्नीचा फोन नंबर आणि स्वतःचा रक्तगट लिहिला होता. दुसरा एक माणूस वादळाच्या दिवसांत हाताशी असलेल्या भिंतीवरच रोजनिशी लिहीत राहिला. ती रोजनिशी येथे जतन केली आहे. शोधपथके घराघरावर रंगाने जी फुली मारत, तिच्या चार कोनांपैकी खालच्या कोनात आत सापडलेल्या माणसांचा आकडा लिहिलेला असे. ती फुली वाचायला शिकल्यानंतर शहरात हिंडताना जुन्या दारांकडे आपण आधीसारखे पाहू शकत नाही.

तरीही काचेच्या पेटीत त्या दिवसाचा ऐवज मावतो, नंतरच्या वर्षांचा मावत नाही. वादळाआधीच ज्यांच्या मुलाखती झाल्या होत्या अशा सुमारे हजार कमी उत्पन्नाच्या व्यक्तींचा, ज्यांत बहुसंख्य तरुण माता होत्या, संशोधकांनी पुढे दीर्घकाळ मागोवा घेतला. 12 वर्षांनंतरही त्यांच्यापैकी दर सहा जणांमागे साधारण एकाला आघातोत्तर तणावाची लक्षणे होती. आणि ज्या काळात मनाला आधाराची सर्वाधिक गरज होती, त्याच काळात गोरगरिबांचे चॅरिटी हॉस्पिटल, तेथील मनोरुग्णांच्या खाटांसह, बंद झाले आणि पुन्हा उघडले नाही. प्रदर्शन पाहताना ही माहिती सोबत असावी, असे मी सुचवीन. त्यामुळे भिंतीवरची ती रोजनिशी संपलेल्या संकटाचा पुरावा न वाटता अजून चालू असलेल्या गोष्टीचे पहिले पान वाटू लागते.

तुलनेसाठी सांगतो, आदल्या दिवशी मी एका खाजगी कंपनीची ‘वादळ दर्शन’ सहल घेतली होती आणि तिचा मला पश्चात्ताप आहे. गाडी रिकाम्या भूखंडांपाशी मंदावत असे, मार्गदर्शक आकडे घोकत असे आणि प्रवासी खिडकीतून फोटो काढत असत. एका ओसरीवर बसलेल्या वृद्ध बाईंनी आमची गाडी दिसताच खुर्ची उचलली आणि त्या आत निघून गेल्या. प्रेस्बिटेअरमध्ये निदान कोणाला खुर्ची उचलावी लागत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने सांगायचे तर दोन तास हाताशी ठेवावेत. लहान मुलांना वादळाची चित्रफीत दाखवण्यापूर्वी विचार करावा, आणि ज्यांनी स्वतः पूर किंवा चक्रीवादळ भोगले आहे त्यांनी एकट्याने जाऊ नये. वरच्या मजल्यावर मार्दी ग्रा या शहराच्या कार्निव्हल उत्सवाच्या झगमगत्या पोशाखांचे दालन आहे. खालून वर जाताना हा बदल आधी विचित्र वाटतो, कदाचित थोडा अशिष्टही. मात्र वादळानंतर सहाच महिन्यांनी, फेब्रुवारी 2006 मध्ये, या उद्ध्वस्त शहराने मार्दी ग्रा साजरा केला होता हे आठवले की तो जिना अस्थानी वाटत नाही.

डॉमिनो यांचा दुसरा, पांढरा पियानोही त्याच पुरात बुडाला होता. तो दुरुस्त करून 2013 साली जवळच्याच ओल्ड यू. एस. मिंट या जुन्या टांकसाळीच्या इमारतीत मांडण्यात आला. जमल्यास दोन्ही पाहावेत, पण आधी काळा.