कुकीजच्या बाबतीत फायरफॉक्स किती भरवशाचा?

संकेतस्थळांच्या कुकीजमार्फत होणारा पाठलाग टाळायचा असेल आणि त्यासाठी फारशी खटपट करायची नसेल, तर मोफत मिळणाऱ्या ब्राउझरांपैकी मी फायरफॉक्सची शिफारस करीन. ही शिफारस बिनशर्त मात्र नाही. हा ब्राउझर ज्या एका गोष्टीपासून उत्तम संरक्षण देतो, तिच्या शेजारच्याच काही गोष्टींपुढे तो हतबल आहे, आणि ही सीमारेषा त्याच्या पडद्यावर कोठेही स्पष्ट दिसत नाही.

1994 साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी कुकीची कल्पना प्रत्यक्षात आणली, तेव्हा प्रश्न साधा होता. वेबच्या सर्व्हरला, म्हणजे पाने पाठवणाऱ्या संगणकाला, स्मरणशक्ती नसते. आपण पाठवलेली प्रत्येक विनंती त्याच्या दृष्टीने नवीनच असते, त्यामुळे मागच्या पानावर खरेदीच्या यादीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर हरवते. यावर उपाय म्हणून सर्व्हरने मजकुराचा एक छोटा तुकडा ब्राउझरकडे ठेवायला द्यायचा आणि ब्राउझरने तो पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत परत दाखवायचा, असे ठरले. हा तुकडा म्हणजेच कुकी. या व्यवस्थेशिवाय आज लॉगिनही टिकणार नाही. अडचण उद्भवते ती एकाच पानावर अनेक परक्या सर्व्हरांकडचा मजकूर येऊन बसतो म्हणून. जाहिरात, व्हिडिओ, शेअर करण्याचे बटण किंवा डोळ्यांना न दिसणारे एका पिक्सेलचे चित्र यांपैकी काहीही दुसरीकडून आले, की तो दुसरा सर्व्हरही आपली कुकी ठेवू शकतो, आणि तोच सर्व्हर हजारो संकेतस्थळांवर हजर असेल तर त्याला सगळीकडे एकच ओळखक्रमांक परत मिळत जातो.

फायरफॉक्सने यावर दोन टप्प्यांत काम केले. सप्टेंबर 2019 मध्ये आलेल्या 69व्या आवृत्तीपासून पाठलाग करणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकीज सर्वच वापरकर्त्यांसाठी आपोआप अडवल्या जाऊ लागल्या. त्यासाठी डिस्कनेक्ट या संस्थेने तयार केलेली यादी वापरली जाते, आणि यादीवर चालणाऱ्या कोणत्याही पहाऱ्याची मर्यादा इथेही होतीच: जो यादीत नाही तो बिनधास्त आत येतो. दुसरा टप्पा मला अधिक मोलाचा वाटतो. फेब्रुवारी 2021 मध्ये 86व्या आवृत्तीत 'टोटल कुकी प्रोटेक्शन' ही सोय आधी फक्त संरक्षणाच्या 'स्ट्रिक्ट' या कडक पातळीवर आली आणि जून 2022 मध्ये ती सर्वांसाठी आपोआप लागू करण्याचा निर्णय झाला. तिच्यात चांगला कोण, वाईट कोण हे ठरवण्याची गरजच ठेवलेली नाही. तुम्ही ज्या संकेतस्थळावर आहात त्याच्या नावाचा एक स्वतंत्र कप्पा असतो आणि त्या पानावर आलेल्या प्रत्येक परक्या सर्व्हरची कुकी त्याच कप्प्यात राहते. आजारासंबंधीच्या पानावर एखाद्या जाहिरात-सर्व्हरने तुम्हाला दिलेला क्रमांक प्रवासाच्या संकेतस्थळावर त्याच सर्व्हरला दिसत नाही. तिथे त्याला तुम्ही नव्याने भेटलेले वाटता.

सफारीने मार्च 2020 पासून परक्या कुकीज पूर्णपणे अडवायला सुरुवात केली, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. पण तो ॲपलच्या उपकरणांपुरता आहे. क्रोमची कथा लांबलेली आहे. दोन वर्षांत परक्या कुकीज बंद करू असे गूगलने जानेवारी 2020 मध्ये जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि अखेर एप्रिल 2025 मध्ये त्या आहेत तशाच ठेवण्याचे सांगून टाकले. ज्याचे उत्पन्न जाहिरातींवर उभे आहे त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करणे कदाचित भाबडेपणाचे होते.

फायरफॉक्सचे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल तर डेव्हलपर टूल्समधील 'स्टोरेज' हा विभाग उघडावा. तिथे प्रत्येक कुकीचे नाव, मूल्य, मुदत आणि तिच्यावरील बंधने एका तक्त्यात दिसतात. नीट बांधलेल्या संकेतस्थळाच्या लॉगिनच्या कुकीपुढे 'सिक्युअर' आणि 'एचटीटीपी-ओन्ली' या दोन्ही रकान्यांत होकार असतो. म्हणजे ती फक्त कूटबद्ध जोडणीवरूनच पाठवली जाते आणि पानावर चालणाऱ्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. त्याच तक्त्यात बऱ्याचदा 'अंडरस्कोर जीए' या नावाची, भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्स या सेवेची कुकीही सापडते. तिच्या मूल्याच्या शेवटी दोन मोठे आकडे असतात: पहिला यादृच्छिक, आणि दुसरा 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांमध्ये तुमच्या पहिल्या भेटीची वेळ. तुमचे नाव त्यात कोठेही नसते, पण तुम्हाला पुन्हा ओळखायला तेवढे पुरते. ही कुकी संकेतस्थळाच्या स्वतःच्या नावावर ठेवली जात असल्याने कप्प्यांची व्यवस्था तिला हात लावत नाही. 'स्ट्रिक्ट' पातळी निवडली तर ती ठेवणारी स्क्रिप्टच अडवली जाते आणि तिच्या जागी एक पोकळ पर्याय दिला जातो, जेणेकरून पान मोडू नये. याच कारणासाठी मूळ 'स्टँडर्ड' पातळीवर न थांबता 'स्ट्रिक्ट' निवडावी, असे माझे मत आहे.

कुकीजसाठी परवानगी मागणाऱ्या संमतीच्या चौकटींपासून मात्र हा ब्राउझर फारशी सुटका करत नाही. 2023च्या अखेरीस 120व्या आवृत्तीत त्या आपोआप नाकारण्याची सोय आली, ती जर्मनीतील वापरकर्त्यांच्या खासगी विंडोपुरती. या चौकटींचे मूळ युरोपीय कायद्यात आहे आणि कायदा कागदावर चांगला आहे: आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये स्पष्ट केले, आणि स्वीकारणे एका क्लिकवर पण नाकारणे अनेक क्लिकांवर ठेवल्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी 2022 मध्ये गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड जाहीर केला. तरीही मी नियमित वाचतो त्या एका बातम्यांच्या संकेतस्थळावर 'सर्व स्वीकारा' हे बटण ठळक निळे आहे, नकार 'अधिक पर्याय' या फिकट अक्षरांमागे आहे, आणि तिथे पोहोचल्यावरही 'कायदेशीर हितसंबंध' नावाच्या वेगळ्या विभागातील सगळी बटणे चालूच असतात. ती एकेक करून बंद करावी लागतात. शिवाय एवढे करून दिलेला नकार पाळला गेला की नाही, हे वाचकाला कळण्याचा सोपा मार्ग नाही. कप्प्यांची व्यवस्था कोणाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नाही, हा तिचा खरा गुण इथे लक्षात येतो.

'ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल' हा माहिती विकण्यास नकार कळवणारा संकेत फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये चालू करता येतो आणि तो जरूर करावा. 'माझा पाठलाग करू नका' असे सांगणाऱ्या जुन्या 'डू नॉट ट्रॅक'ला कोणी जुमानत नसे आणि 135व्या आवृत्तीत ती खूण काढूनच टाकण्यात आली. नव्या संकेताला निदान कॅलिफोर्नियात कायद्याचा आधार आहे. तो न मानणे हा आरोपांपैकी एक असलेल्या प्रकरणात सेफोरा या कंपनीला 2022 मध्ये 12 लाख डॉलर भरावे लागले.

आता उणिवा. कुकी न ठेवताही स्क्रीनचा आकार, फाँट, ग्राफिक्स कार्ड यांच्या एकत्रित ठशावरून ब्राउझर ओळखता येतो. फायरफॉक्स यातले काही प्रकार रोखतो, सगळे नाही. परक्या सर्व्हरला डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांच्या नोंदवहीतील, नोंदीद्वारे संकेतस्थळाचेच उपनाव देऊन घरचा भासवण्याची युक्ती त्याला स्वतःहून पकडता येत नाही. त्यासाठी युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन जोडावे लागते. आणि दोन संकेतस्थळांवर तुम्ही एकच ईमेल देऊन लॉगिन केले, तर ती दोघे आपापल्या सर्व्हरवर नोंदी जुळवून पाहू शकतात. त्यात ब्राउझरचा संबंधच येत नाही.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाबद्दलही डोळस असावे. तिचे बहुतांश उत्पन्न गूगलला मूळ शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येते. जुलै 2024 मध्ये 128व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी एक प्रायोगिक सोय वापरकर्त्याला न विचारताच चालू ठेवण्यात आली होती आणि त्याविरुद्ध खासगीपणाच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नॉयब या संस्थेने सप्टेंबरमध्ये तक्रार दाखल केली. ती सोय तांत्रिकदृष्ट्या कुकीजपेक्षा कमी घातक होती, हे मान्य केले तरी खासगीपणाच्या नावावर चालणाऱ्या संस्थेने आधी विचारायला हवे होते.

रोजच्या वापरात त्रास होतो तो परक्या लॉगिनवर चालणाऱ्या गोष्टींचा. दुसऱ्या पानात बसवलेला व्हिडिओ तुम्हाला ओळखत नाही, आणि क्वचित पैसे भरण्याची चौकट रिकामीच राहते. दुसऱ्या सेवेच्या खात्याने लॉगिन करताना उघडणारी छोटी विंडो बहुधा चालते, कारण अशा वेळी फायरफॉक्स काही काळापुरती वाट मोकळी करतो. जिथे अडते तिथे पत्त्याच्या पट्टीतील ढालीवर क्लिक करून त्या एका संकेतस्थळापुरते संरक्षण बंद करता येते. खासगी विंडोत दिलेली सूट सत्रासोबत संपते, पण साध्या विंडोत ती तुम्ही स्वतः मागे घेईपर्यंत कायम राहते. म्हणून काम झाल्यावर सेटिंगमधील अपवादांची यादी उघडून तो पत्ता तिथून काढून टाकावा लागतो; ही आठवण ब्राउझर स्वतःहून करून देत नाही.