शल्लकी कॅप्सूल, सात महिने: डोक्यासाठी आणली, गुडघ्याला लागू पडली

जुलैच्या बाटलीचं झाकण उघडलं तर आत साठ कॅप्सूल नव्हत्या, एक ढेकूळ होतं. बाटली हलवली की आतल्या आत खुळखुळायचं, बाहेर काही येईना. चमच्याच्या दांड्याने सोडवताना सतरा फुटल्या. ४९५ ची बाटली, म्हणजे कॅप्सूलमागे सव्वाआठ रुपये, म्हणजे १४० रुपये कचऱ्यात.

कंपनीच्या हेल्पलाइनचं उत्तर: "नैसर्गिक डिंक आहे, चिकटणारच." साफ चूक. डिंक आत असतो, चिकटतं बाहेरचं कवच. जिलेटिनच्या कवचात मुळातच १३ ते १६ टक्के पाणी असतं. हवा दमट झाली की ते आणखी पाणी ओढतं, मऊ पडतं आणि शेजारच्या कॅप्सूलला मिठी मारतं. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, हे भारतात माल विकणाऱ्याला ठाऊक नसावं? एचपीएमसीचं, म्हणजे वनस्पतिजन्य, कवच कमी पाणी धरतं, ते वापरलं असतं तर हा तमाशा टळला असता. बाटलीत सिलिका जेलची पुडी एकच, तीही बडीशेपेच्या पाकिटाएवढी.

आता मूळ मुद्दा. पेशंट ६८ वर्षांचे, पार्किन्सन्स, फेब्रुवारीत दोन्ही बाजूंचं डीबीएस, म्हणजे मेंदूत बारीक तारा (लीड) बसवून बॅटरीच्या विजेने थरथर आवरणारी शस्त्रक्रिया. सहाव्या दिवशी झोपाळूपणा वाढला, बोलण्यात गोंधळ आला, म्हणून सीटी झाला. रक्तस्राव नाही, लीडभोवती सूज. सर्जननी डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केलं, उतरत्या डोसने. त्याच्या जोडीला, त्यांना विचारूनच, मार्चपासून ही शल्लकी, सकाळ-संध्याकाळ एकेक. सात बाटल्या, ३४६५ रुपये.

मार्चअखेरीच्या सीटीत सूज जवळजवळ गेलेली होती, आणि तेव्हा या कॅप्सूलला चार तारे दिले होते. ते इथे मागे घेतोय, कारण तो हिशेबच चुकीचा होता. लीडभोवतीची ही सूज जंतुसंसर्गाची नसते. बहुतेक वेळा ती पहिल्या काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत दिसते आणि काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, आपोआप ओसरते. लक्षणं नसलेली सूज तर स्कॅन केला तर बऱ्याच जणांत सापडते. शिवाय इथे स्टेरॉइड चालू होतं. तेव्हा सहाव्या आठवड्यात सूज उतरली याचं श्रेय कॅप्सूलला देणं म्हणजे पहाट होण्याचं श्रेय कोंबड्याला देणं.

यातली एक गंमत घरच्यांनी आधीच समजून घ्यावी. लीड बसताना आजूबाजूच्या पेशींना जी किंचित इजा आणि सूज होते, तिच्यामुळेच मशीन चालू करण्याआधी काही दिवस थरथर कमी झालेली दिसते. सूज उतरली की थरथर परत येते. घरात मग "नवीन औषध बाधलं" अशी कुजबुज सुरू होते. बाधलेलं काही नसतं. सूज असेतो लीडचा इम्पीडन्सही (विजेला होणारा अडथळा) बदलत राहतो, म्हणून प्रोग्रामिंग, म्हणजे मशीनचा प्रवाह जुळवणं, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी सुरू करतात.

मग शल्लकीच का? हवेतून आलेली कल्पना नाही ही. शल्लकी म्हणजे आपली सालई, मेळघाट-सातपुड्याच्या कोरड्या उतारांवरची. खोडाला खाच पाडली की जो डिंक येतो त्यात बॉस्वेलिक आम्लं असतात, आणि त्यातलं एकेबीए हे ५-लिपॉक्सिजिनेज हे दाहाचं एन्झाइम अडवतं. जर्मनीत मेंदूच्या गाठीसाठी रेडिएशन घेणाऱ्या ४४ रुग्णांवर चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. शल्लकी घेतलेल्या ६० टक्के रुग्णांत सूज तीन चतुर्थांशाहून जास्त कमी झाली, नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत २६ टक्क्यांत. जाहिरातदार इथपर्यंतच सांगतात. पुढचं त्यांना नको असतं: डोस रोज ४२०० मिलिग्रॅम होता, आणि सूज गाठीभोवतीची होती, डीबीएसच्या लीडभोवतीची नव्हे. ही कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, रोज दोन. म्हणजे चाचणीतल्या डोसच्या चौथा हिस्सासुद्धा नाही. तितका डोस गाठायचा तर दिवसाला आठ-नऊ कॅप्सूल, महिन्याला चार बाटल्यांच्या वर, दोन हजार रुपये, आणि पोट बिघडायची तयारी वेगळी. असा डोस कुणी स्वतःच्या डोक्याने चढवू नये.

लेबलवरचे "६५% बॉस्वेलिक ॲसिड" हे शब्द वाचताना एक प्रश्न विचारा: मोजलं कसं? टायट्रेशनने मोजलं तर नमुन्यातलं प्रत्येक आम्ल त्यात धरलं जातं, बॉस्वेलिक असो वा नसो. एचपीएलसी या घटक सुटे करणाऱ्या तपासणीने एकेक बॉस्वेलिक आम्ल वेगळं मोजता येतं, आणि तो आकडा बराच खाली येतो. एकेबीए किती टक्के, हे तर या बाटलीवर छापलेलंच नाही. बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर पीडीएफ आली, ती दुसऱ्याच बॅचची. आणखी एक: बाटलीवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक नाही, चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी हे औषध नव्हे, खाद्यपूरक. तरी ऑनलाइन पानावर "मेंदूची सूज घटवते" लिहिलंय. ज्यांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे अशा रोगांच्या १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यातल्या यादीत मेंदूचे विकार आहेत, इतकी तरी लाज बाळगावी.

घ्यायची कशी, यात खरी मेख आहे. बॉस्वेलिक आम्लं रिकाम्या पोटी फारशी शोषली जात नाहीत, स्निग्ध जेवणासोबत कितीतरी पटीने जास्त शोषली जातात. लेव्होडोपाचं, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचं, नेमकं उलट: तिला रिकामं पोट हवं, प्रथिनं आणि तेलकट जेवण तिची वाट अडवतात. दोन्ही एकत्र गिळली तर एक ना एक वाया. इथे बसलेलं वेळापत्रक असं: सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) सातला, नाश्ता पावणेआठला, कॅप्सूल नाश्त्याच्या मध्यावर, पोळीवर चमचाभर तूप. संध्याकाळी तसंच, गोळी सातला, जेवण आठला, कॅप्सूल अर्धं जेवण झाल्यावर. कोरड्या पोह्यांबरोबर दिलीत तर सव्वाआठ रुपये पाण्यात.

गिळण्याचा त्रास असेल तर ही कॅप्सूल नकोच, आकार मोठा आणि कवच ओलं झालं की टाळूला चिकटतं. फोडून दिली तर भुकटी कडू आणि चिकट, नुसत्या पाण्यात मिसळत नाही, घशात थर धरते. सायीत कालवली तर जाते, पण ठसका लागणाऱ्या पेशंटला आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा.

याच कंपनीचा "ब्रेन रिकव्हरी" कॉम्बो निम्म्या किमतीत मिळत होता. मोह झाला, पण आत कवचबीज होतं. कवचबीजात लेव्होडोपाच असते. डीबीएसनंतर डॉक्टर लेव्होडोपा बहुधा कमी करत आणतात आणि इकडे घरातून गुपचूप वाढवायची? अंगाच्या वेड्यावाकड्या हालचाली वाढल्या की दोष प्रोग्रामिंगवर जातो. लोहभस्म असलेलं काहीही गोळीच्या आसपास नको, लोह लेव्होडोपाला पोटातच बांधून ठेवतं. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर शल्लकी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, वाढल्याच्या नोंदी आहेत. आणि काळबादेवीच्या काष्ठौषधींच्या दुकानातला सुटा डिंक स्वस्त पडतो म्हणून आणू नका, तो धुपासाठी ठीक. त्यात साल, माती किती आणि आम्ल किती, काही पत्ता नसतो.

झोपाळूपणा वाढतोय, बोलणं अडखळतंय, एका बाजूची ताकद गेलीय, आकडी आली, ताप आला, टाक्यांवर लाली किंवा पू दिसतोय, यातलं काहीही असेल तर कॅप्सूल शोधत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. रक्तस्राव आहे की सूज, हे सीटीच सांगतो. डेक्सामेथासोन चालू असेल तर साखर मोजत राहा, आणि "आता आयुर्वेदिक सुरू केलंय" म्हणून ते एकदम थांबवू नका.

बरं, मग सात बाटल्या कशाला झाल्या? गुडघ्यामुळे. तिसऱ्या महिन्यात जिना उतरताना कठडा धरणं कमी झालं, पाचव्या महिन्यात वेदनाशामक गोळी आठवड्याला चारवरून एकवर आली. गुडघ्याच्या संधिवातावर शल्लकीची चाचणी आपल्या नागपुरातच झालीय, ३० रुग्णांवर, २००३ मध्ये छापून आलेली, तिथे डोस रोज ९९९ मिलिग्रॅम. या दोन कॅप्सूल म्हणजे साधारण तेवढाच. डीबीएसवाल्यांना याचं मोल जास्त, कारण गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्ट सहज डायथर्मी (यंत्राने आतपर्यंत दिलेला शेक) लावतात आणि डीबीएस असलेल्या माणसाला डायथर्मी सक्त मना आहे, शरीराच्या कुठल्याही भागावर, बॅटरी बंद ठेवूनसुद्धा. तारेतून ती ऊर्जा थेट मेंदूत जाते आणि तिथे उष्णता होते. हे डीबीएसचं कार्ड दाखवून सांगा, भिडेखातर गप्प बसू नका.

आता ताऱ्यांचं. सुजेसाठी शून्य, म्हणजे वाईट नव्हे, ठरवताच येत नाही म्हणून. गुडघ्यासाठी चार. बाटलीसाठी उणे एक. पावसाळ्यात विकत घेणार असाल तर आल्या दिवशी काचेच्या दोन छोट्या बरण्यांत वाटून ठेवा, प्रत्येकीत सिलिका जेलच्या दोन पुड्या, फ्रिजमध्ये नाही, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. खूप भांडल्यावर बदली बाटली आली. बॅच नंबर तोच.