फास्टटेक्स्ट, आठ महिन्यांनंतर : भुरी, पुरी आणि ८०० एमबी

परवा निफाडहून एका वाचकाचा फोन. ‘साहेब, मी भुरीचं विचारलं तर तुमचं यंत्र बोर्डोचा लेख पुढं करतंय. भुरीवर मोरचूद मारू का?’ भुरी म्हणजे द्राक्षावरचा पांढऱ्या पावडरीसारखा बुरशीरोग; बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच.

आमच्या शेती मासिकाच्या जुन्या अंकांतले ‘संबंधित लेख’ मी फास्टटेक्स्टकडून काढून घेतो. हे सॉफ्टवेअर मजकूर वाचून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक ओळ देतं आणि त्यावरून कोणता शब्द कोणाच्या जवळचा ते सांगतं. फुकट आहे आणि ग्राफिक्स कार्ड मागत नाही. घेतलं ते एवढ्यासाठीच.

पहिला संताप फाइलचा. मजकूर जेमतेम ३० एमबी, तयार मॉडेल ८०० एमबीच्या वर! हे गृहस्थ शब्दाचे तीन ते सहा अक्षरांचे तुकडे पाडतात आणि त्यांच्यासाठी २० लाख खणांचं कपाट आधीच मांडून ठेवतात, खणागणिक १०० आकडे. सामान असो वा नसो. वर मात्रासुद्धा स्वतंत्र अक्षर मोजतात. मग ‘भुरी’च्या शेजारी कोण? भुरीचा, भुरीवर, भुरीने... आणि पाककृतीच्या पानावरची पुरी!

तुकड्यांची कमाल लांबी शून्य केली. फाइल एकदम आटली, पुरीही गेली. आठवडाभर खुशीत होतो. मग लक्षात आलं, ‘भुरीमुळे’ शब्दच सापडेना. पाचपेक्षा कमी वेळा आलेला शब्द हे मुळात शिकतच नाही, आणि तुकडे नसल्याने भुरीशी त्याचं नातंही तुटलेलं. म्हणजे विभक्ती-प्रत्ययांच्या मराठीला तुकडे हवेतच. शिव्या परत घेतल्या, तुकडे परत आणले, खण मात्र २ लाखांवर ठेवले.

फोनवरचं दुखणं वेगळंच निघालं. भुरी आणि डाऊनी (द्राक्षावरचाच दुसरा बुरशीरोग, केवडा) दोन्ही पान, घड, फवारणी यांच्याच संगतीत येतात. त्यामुळे यंत्राच्या लेखी सख्ख्या बहिणी. जवळ आहेत एवढंच ते सांगतं, नातं काय ते नाही. भुरीला गंधक आणि डाऊनीला बोर्डो, हा फरक त्यात कुठेच नाही.

शेवटी १९९० सालच्या चर्च आणि हँक्स या संशोधकांच्या लेखातली जुनी युक्ती लावली: दोन शब्द योगायोगाने जितके एकत्र यावेत, त्यापेक्षा किती जास्त येतात ते मोजायचं. पहिल्या यादीत छपाईच्या चुकाच वर, कारण एकदाच आलेल्या शब्दाला इथे फुकटचा भाव मिळतो. दहापेक्षा कमी वेळा आलेले गाळले, आणि भुरीसमोर गंधक, डाऊनीसमोर बोर्डो! चाळीस ओळींचा प्रोग्रॅम, फाइल २ एमबी.

निफाडला गंधकाचा लेख पाठवला. फास्टटेक्स्ट ठेवलंय, पण फक्त ‘भुरीमुळे’ला ‘भुरी’पर्यंत पोचवायला.