उजव्या सोंडेचा गणपती आणि माझे ७,८०० रुपये

फसले ते माझ्याच कामात फसले, म्हणून हे लिहायला आठ महिने लागले.

मी पुण्यात घरीच फोटो ट्रान्सफरची कामं करते. लेझर प्रिंट काढायची, लाकडाला किंवा कॅनव्हासला जेल मीडियम (वाळल्यावर पारदर्शक होणारी दाट, चिकट पेस्ट) लावून त्यावर ती पालथी चिकटवायची, रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी पाण्याचा हात लावत बोटाने कागद चोळून काढायचा. कागद जातो, चित्र राहतं. कुणाच्या आजीआजोबांचा लग्नातला फोटो, कुणाचं जुनं इनलँड पत्र. मग त्याच्या भोवती लेस, गंजके खिळे, मोल्डिंग पेस्ट. सहा वर्षं हेच चाललंय. आणि मलाच एकाने ट्रान्सफर केलेली फळी 'हाताने रंगवलेली' म्हणून विकली.

धाकट्या जावेची वास्तुशांत होती. तिचं माहेर दौंडचं, घरादाराची श्रद्धा सिद्धटेकच्या गणपतीवर, आणि तो उजव्या सोंडेचा. इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं. जुन्या वाड्यांच्या दारांच्या सागवानी फळ्या, त्यांवर रंगवलेले देव. रीलमध्ये बारीक कुंचला मुकुटावर सोनेरी ठिपके देतोय, मागे सनई. डाव्या सोंडेचा गणपती ५,२०० रुपये, उजव्या सोंडेचा ७,८००. फरक का, विचारलं तर व्हॉइस मेसेज आला: "ताई, उजव्या सोंडेचा रंगवताना सोवळं पाळावं लागतं, आमचे कलाकार उपास करतात." मी विरघळले. फळी जड आणि नाजूक म्हणून कॅश ऑन डिलिव्हरी नाही, सगळे पैसे आधी. तेही दिले.

पार्सल सुरेख आलं. कुंचल्याचे फटकारे बोटाला लागत होते, कोपऱ्यात सही होती. मागे तांबडं फेल्ट गच्च चिकटवलेलं. फेल्ट कशाला, हे विचारावंसंही वाटलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी फळी देवघराशेजारी टेकवून ठेवली होती. गुरुजी सगळं आटोपून निघताना तिच्यासमोर थांबले. म्हणाले, "वहिनी, ह्याचं जानवं उजव्या खांद्यावर आहे. अपसव्य. श्राद्धाला करतो तसं." मग जरा वाकून, "आणि आशीर्वाद डाव्या हाताने देतोय."

माझ्या पोटात गोळाच आला. बाकीच्यांना अपशकुन दिसत होता, मला कारण दिसत होतं. ट्रान्सफरमध्ये चित्र उलटं उतरतं. पहिल्या वर्षी मी एका मुलीचं नाव उलटं उतरवून बसले होते. तेव्हापासून प्रिंट काढण्याआधी आरशातल्यासारखी फिरवून घेणं हा माझा पहिला नियम. इथे कुणी ते विसरलं नव्हतं. पेजवरचे दोन्ही गणपती मोबाईलवर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. उंदीर, समया, मोदकांचं ताट, पितांबराची चुणी न् चुणी तीच, फक्त आरशातली. एकच चित्र. आधी फिरवून घेऊन उतरवलं तर सोंड डावी आणि ५,२००, न फिरवता उतरवलं तर सोंड उजवी आणि ७,८००. उपास वगैरे जो काय होता तो २,६०० रुपयांचा.

फळी घरी आणली आणि जे पैसे देण्याआधी करायला हवं होतं ते केलं. दहापट दाखवणारं भिंग लावलं. रंगवलेल्या चित्रात रंग एकमेकांत मिसळलेले असतात. इथे गालावर निळे, गुलाबी, पिवळे ठिपके ओळीने बसले होते, म्हणजे प्रिंट. फटकारे? ते नुसत्या पारदर्शक जेलचे. तिरपा उजेड टाकला की फटकारा एकीकडे आणि रंगाची कड दुसरीकडे जाते. खऱ्या चित्रात असं होत नाही. कडेला, जिथे वार्निश पोचलं नव्हतं तिथे, पांढुरकी झाक होती. ओलं बोट फिरवलं तर गेली, वाळल्यावर परत आली. ही झाक मी झोपेतही ओळखीन, चोळताना राहिलेल्या कागदाच्या तंतूंची असते. पाटाच्या खाली सोनेरी रंगाचा एक ओबडधोबड ठिपका होता. कापसाला स्पिरिट लावून पुसला तर खाली उलटा 'श्री'. फेल्टचा कोपरा उचकटला: सागवान नाही, वाडा नाही, एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीवर, चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा.

ट्रान्सफर ही काही हलकी गोष्ट आहे असं मला म्हणायचं नाही. रॉबर्ट रॉशेनबर्गसारखा चित्रकार १९५०च्या दशकाच्या शेवटी मासिकांतली छायाचित्रं द्रावकाने भिजवून कागदावर उतरवत होता आणि तसं सांगतही होता. ह्या फळीवरचं कामही सफाईचं आहे, एवढ्या मोठ्या चित्राचा कागद कुठेही न फाडता काढणं सोपं नाही. 'ट्रान्सफर' म्हणून १,५०० ला दिली असती तर कौतुकाने घेतली असती.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर: "ताई, आम्ही हँडमेड म्हणतो. हँडपेंटेड कुठे म्हटलं?" पेजवर जाऊन बघते तर पोस्टमधला शब्द बदललेला. मी स्क्रीनशॉट घेतला नव्हता. तो व्हॉइस मेसेज मात्र होता, त्यात 'रंगवताना' स्वच्छ ऐकू येतं. तो परत पाठवला आणि ब्लॉक झाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यांनी विक्रेत्याचा पत्ता विचारला, बिल विचारलं. माझ्याकडे एक यूपीआय आयडी आणि एक फोन नंबर. तो नंबर आता बंद आहे. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर. पैसे गेल्या गेल्या तिथे फोन केला तर ते अडवता येण्याची शक्यता असते. मी फोन केला तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हे खरं. पण नोटीस कुणाच्या नावाने काढायची?

आता कुणी मला असं काही घेऊ का विचारलं तर मी सांगते, कोऱ्या फळीवरच्या पहिल्या रेघेचा व्हिडिओ मागा. शेवटचे सोनेरी ठिपके कुणीही देतं. मागची बाजू उघडी दाखवायला सांगा, बिल मागा, आणि सगळं बोलणं लेखी ठेवा. मूर्ती असेल तर आधी जानवं बघा.

माझ्या स्वतःच्या वस्तूंवर मी तेव्हापासून ठळक लिहिते, 'ट्रान्सफर, हाताने रंगवलेलं नाही'. गेल्या प्रदर्शनात एका बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "अच्छा, छापील आहे. मग चारशेला द्या ना."

फळी माळ्यावर आहे. जाऊ म्हणते, "ताई, घरात ठेवू नका." पण देवाचं चित्र फेकवत नाही, आणि विसर्जन करावं तर एमडीएफ आधी तरंगेल आणि मग फुगेल.