नॅशनल हरिकेन सेंटरची वेबसाइट: नागपुरात बसून तीन दिवस वापरली, त्याचा अनुभव

पोरगी टँपाला राहते, फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. सोबत जावई आणि तीन वर्षांचा नातू. 8 ऑक्टोबर 2024 ला पहाटे साडेपाचला फोन वाजला. "बाबा, मिल्टन येऊन राहिलं. आमच्या झोनला घर सोडायला सांगितलं. हे म्हणतात थांबू. काय करू?" मिल्टन म्हणजे तिकडे येत असलेलं चक्रीवादळ, आणि झोन म्हणजे पाण्याच्या धोक्याप्रमाणे पाडलेला भाग; प्रत्येकाला एक अक्षर असतं.

मी पाटबंधारे विभागातून निवृत्त झालो. पाण्याच्या पातळ्या वाचण्यात नोकरी गेली, पण चक्रीवादळातलं मला काही कळत नव्हतं. टीव्हीवर नुसती गर्जना चालली होती. म्हणून थेट मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी चक्रीवादळ केंद्राची वेबसाइट उघडली. फुकट आहे, नावनोंदणी नाही, जाहिराती नाहीत. वादळाच्या नावावर बोट ठेवलं की सगळे नकाशे समोर येतात. त्या घडीला वारा ताशी 285 किलोमीटर होता, पाचवी म्हणजे सगळ्यांत वरची श्रेणी.

पहिली चूक मीही केली. नकाशात वादळाच्या पुढे एक पांढरा शंकू काढलेला असतो. शंकूच्या मधोमध टँपा दिसलं आणि हातपाय गार पडले. मग खालचं वाचलं. तो शंकू फक्त वादळाचा मध्य कुठून जाऊ शकतो ते सांगतो. तीनांतल्या दोन वेळा मध्य त्याच्या आत राहतो, एखाद वेळी बाहेरही जातो. पाणी कुठे चढेल, पाऊस कुठे पडेल, हे शंकू सांगतच नाही. श्रेणीही फक्त वाऱ्याची असते.

खरं काम दोन पानांनी केलं. एक स्टॉर्म सर्जचं, म्हणजे वाऱ्याने किनाऱ्यावर लोटलेल्या समुद्राच्या पाण्याचं. टँपा बेला, म्हणजे टँपाच्या खाडीला 10 ते 15 फूट लिहिलं होतं, तेही जमिनीपासून मोजून, पाण्याचं शिखर भरतीच्या वेळी आलं तर. दुसरं पान, जोराचा वारा कधी पोचेल त्याचं. त्यात लवकरात लवकर कधी आणि बहुधा कधी, अशा दोन वेळा असतात. निघायचं तर पहिली वेळ धरायची. वारा वाढला की तिथले पूल बंद करतात, मग मनात आलं तरी निघता येत नाही.

जावयांशी मीच बोललो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. 26 सप्टेंबरला हेलेन वादळ आलं तेव्हा पाणी त्यांच्या गल्लीपर्यंत पोचलं नव्हतं. खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं, पंपांवर पेट्रोलसाठी रांगा, रस्त्यांवर गाड्याच गाड्या. मी म्हटलं, "जावईबापू, भिंत वाऱ्याला पुरेल, पाण्याला नाही पुरत. 23 सप्टेंबर 2023 आठवा."

त्या रात्री नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला होता. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि नाग नदीच्या काठच्या आमच्या वस्तीत पहाटे घरात पाणी. बायकोचं शिलाई मशीन बुडालं, पोरीच्या मार्कशीटा भिजून एकमेकींना चिकटल्या. आम्ही झोपेत होतो. यांच्या हाती दीड दिवस होता, आणि पाणी किती फूट चढेल तो आकडाही होता. मी फोनवर रडलो, लपवत नाही.

तिकडच्या मंगळवारी सकाळी ते निघाले, उत्तरेला गेन्सव्हिलला मित्राकडे. दोन-सव्वादोन तासांचा रस्ता, साडेसहा तास लागले. इकडे बायको घटासमोरच्या दिव्यात तेल घालत बसली होती.

आपल्या 10 ऑक्टोबरच्या सकाळी सहाच्या सुमारास मिल्टन जमिनीवर आलं, पण टँपाला नाही, दक्षिणेला सिएस्टा की नावाच्या बेटावर. तोवर ते तिसऱ्या श्रेणीचं झालं होतं. टँपा वादळाच्या उत्तरेकडे राहिलं, तिथे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि खाडीचं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. समुद्र चढला तो दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर. जावई म्हणाले, उगाच पळालो. मला ते पटत नाही. मध्य थोडा उत्तरेला सरकला असता तर तेच पाणी यांच्या दारात होतं, आणि कुठे सरकेल ते निघायच्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवाय शेजारच्या सेंट पीटर्सबर्गला 18 इंचांहून जास्त पाऊस झाला, आमच्या 2023 च्या पावसाच्या चौपट.

कमतरता सांगतो. वाऱ्याचा वेग किलोमीटरमध्येही देतात, पाण्याची उंची मात्र फुटांतच. तज्ज्ञांचं 'डिस्कशन', म्हणजे अंदाजामागचा विचार, वाचायला जड आहे, पण नेटाने वाचा, किती खात्री आहे ते तिथेच कळतं. आणि ही वेबसाइट कुणाला 'निघा' म्हणत नाही. तो आदेश तिथली काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन देतं, घराचा झोनही काउंटीच्याच वेबसाइटवर बघावा लागतो. आमच्या गोंधळाचा निम्मा वेळ त्यातच गेला.

पाचपैकी साडेचार तारे.

ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांच्यासाठी: वादळाची मुख्य पत्रकं ऑक्टोबरात आपल्या सकाळी साडेआठला, दुपारी अडीचला, रात्री साडेआठला आणि मध्यरात्रीनंतर अडीचला येतात. हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. घराच्या झोनचं अक्षर आत्ताच विचारून ठेवा. आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी 'बी' लिहून ठेवला आहे.