अधोलोक वेगळा, नरक वेगळा: यहुदी परलोक समजून घ्यायला मराठी बायबल कितपत उपयोगी?

मेल्यानंतर माणसाचे काय होते, याबद्दल प्राचीन यहुद्यांच्या कल्पना कशा बदलत गेल्या हे मराठीतून वाचायचे असेल, तर सहज हाताशी येणारे साधन म्हणजे बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’. मुंबईत ते विनासायास मिळते. इथे त्याच्याकडे फक्त अभ्यासाचे साधन म्हणून पाहिले आहे. निकाल आधीच सांगतो: घ्यावे, आणि तेही एका शब्दासाठी.

तो शब्द म्हणजे ‘अधोलोक’. हिब्रू शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, मेलेल्यांच्या जागेला ‘शेओल’ म्हणतात. मुळात हा शब्द 65 ठिकाणी येतो आणि 1611 च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात त्याचे 31 वेळा ‘हेल’, 31 वेळा ‘ग्रेव्ह’ आणि 3 वेळा ‘पिट’ केलेले आहे. एकाच शब्दाचे तीन तुकडे झाल्यावर तो वाचकाला सापडणार कसा? मराठी जुन्या कराराने मात्र ‘अधोलोक’ धरला आणि ‘नरक’ बाजूला ठेवला. याचे मोल मोठे आहे. नरक म्हटले की आपल्या मनात यमदूत, चित्रगुप्ताची वही, कुंभीपाक आणि रौरव उभे राहतात. शेओलमध्ये यातले काहीही नाही. तिथे निवाडा नाही, जाळ नाही, छळ करणारे कोणी नाही. तिथे अंधार आहे, धूळ आहे, शांतता आहे, आणि चांगला-वाईट, राजा-गुलाम सगळे तिथेच जातात. ‘मृत्युलोक’ हा पर्याय कोणी सुचवला तर तो मुळीच स्वीकारू नये, कारण मराठीत मृत्युलोक म्हणजे आपण आत्ता राहतो ते जग.

वाचताना सर्वात मोठी चूक होते ती पहिल्या पानापासून सरळ वाचत गेल्यामुळे. पुस्तके ज्या क्रमाने बांधली आहेत त्या क्रमाने लिहिली गेलेली नाहीत. पहिल्या बैठकीत एवढेच वाचा: उत्पत्ती 37:35, गणना 16:30–33, 1 शमुवेल 28, ईयोब 3:11–19, स्तोत्र 6:5, स्तोत्र 115:17 आणि उपदेशक 9:10. जिथे अधोलोक दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि समासात दोन प्रश्न लिहा: इथे कोण जातो? इथे शिक्षा आहे का? याकोब मुलाच्या शोकात ‘मीही खाली जाईन’ म्हणतो तेव्हा ते कुठल्याही पापाची शिक्षा म्हणून नसते. शमुवेल तर संदेष्टा. तोही खालूनच वर येतो आणि ‘मला का त्रास दिलास?’ असे विचारतो. दुसऱ्या बैठकीत यशया 14 आणि यहेज्केल 32 घ्या. तिथे खाली मानाच्या आणि अपमानाच्या जागा पडू लागलेल्या दिसतात, पण जाळ अजूनही नाही.

एक तांत्रिक अडचण आधीच ध्यानात ठेवावी. हिब्रू आणि मराठी आवृत्त्यांत वचनांचे आकडे काही ठिकाणी पुढेमागे होतात. योना या संदेष्ट्याची ‘अधोलोकाच्या उदरातून’ केलेली हाक मराठीत 2:2 ला आहे, हिब्रूत 2:3 ला. यहुदी प्रकाशनातल्या टिपा ताडून पाहताना हमखास गल्लत होते ती इथे.

‘तो आपल्या पूर्वजांना मिळाला’ हे वाक्य वाचक भराभर ओलांडतात. तिथे थांबावे, कारण त्यामागे दगडात कोरलेली खरीखुरी खोली आहे. यरुशलेममध्ये हिन्नोम खोऱ्याच्या काठावर केतेफ हिन्नोम इथे पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्काय यांनी 1979 मध्ये अशी थडगी उकरली. खडकात कोरलेले ओटे, काही ओट्यांवर डोके टेकवायला खोबणी. प्रेत ओट्यावर ठेवायचे, मांस झडले की हाडे गोळा करून खालच्या खड्ड्यात आधीच्या पिढ्यांच्या हाडांत मिसळायची. म्हणजे ‘पूर्वजांना मिळणे’ हे अक्षरशः घडत असे. अशाच एका खड्ड्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या, इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासच्या. त्यांवर गणना 6 मधल्या आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. शेओल समजायला हे थडगे दहा व्याख्यांपेक्षा जास्त कामाला येते.

आता या आवृत्तीची खरी उणीव. जुन्या करारात ‘हिन्नोमाचे खोरे’ येते, नव्या करारात ‘नरक’ येतो, आणि दोन्ही एकच नाव आहे हे मराठी वाचकाला कळायला मार्गच राहत नाही. हिब्रू ‘गे-हिन्नोम’ म्हणजे हिन्नोमचे खोरे, त्याचेच ग्रीकमध्ये ‘गेहेन्ना’ झाले आणि मराठीत त्यासाठी ‘नरक’ छापला. धागा जोडायचा असेल तर 2 इतिहास 28:3, 2 राजे 23:10, यिर्मया 7:31–32 आणि मग मत्तय 5:22 असे सलग वाचावे. या खोऱ्यात तोफेत नावाच्या ठिकाणी मुलांना अग्नीत अर्पण केल्याचा उल्लेख आहे, योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, आणि यिर्मयाने तिला कत्तलीचे खोरे हे नाव दिले. शहराच्या तटाबाहेरची ही शापित जमीन पुढे शिक्षेचे ठिकाण ठरली. तिथे कचरा सतत जळत असे म्हणून नरकात आग आली, हे स्पष्टीकरण प्रवचनांतून फार ऐकू येते. त्याचा ठळक आधार मध्ययुगीन यहुदी भाष्यकार दाविद किम्ही यांचा, आणि ते इ. स. 1200 च्या सुमाराचे. उत्खननात त्याला आधार मिळालेला नाही. हे स्पष्टीकरण सोडून द्यावे.

दुसरी उणीव पोकळीची. मलाखी (जुन्या कराराचे शेवटचे पुस्तक) संपून मत्तय (नव्याचे पहिले) सुरू होतो त्या एका पानाच्या उलटण्यात सगळी उलथापालथ झालेली असते आणि ती या ग्रंथात जवळजवळ नाही. बायबलबाहेर राहिलेल्या प्राचीन यहुदी ग्रंथाचा, म्हणजे हनोखच्या पहिल्या पुस्तकाचा, 22 वा अध्याय आर. एच. चार्ल्स यांच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून सोबत ठेवावाच लागतो. तिथे डोंगरात पोकळ्या आहेत, मृतांच्या आत्म्यांची वेगवेगळी वर्गवारी आहे, आणि नीतिमानांच्या पोकळीत पाण्याचा उजळ झरा आहे. शेओलमध्ये पहिल्यांदा भिंती उभ्या राहिल्या त्या अशा. मग दानीएल 12:2 उघडा. काळ साधारण इ. स. पू. 165 चा. यहुद्यांवर राज्य करणारा ग्रीक राजा अंतियोख चौथा नियमशास्त्र पाळणाऱ्यांना मारत होता. धर्म पाळला म्हणून माणूस मरत असेल, तर ‘धर्म पाळ, दीर्घायुषी होशील’ हा जुना हिशेब जुळत नाही. तो जुळवायला मेलेल्यांना उठवावेच लागले, काहींना जीवनासाठी आणि काहींना धिक्कारासाठी. यहुद्यांच्या दोन पंथांपैकी सदूकी लोकांनी हे शेवटपर्यंत मानले नाही, परूश्यांनी मानले (प्रेषितांची कृत्ये 23:8). लूक 16:23 मध्ये पुन्हा ‘अधोलोक’ छापलेला दिसेल, आता ज्वाळांसकट. शब्द तोच, आतले घर बदललेले. हा बदल वाचकालाच पकडावा लागतो.

मुंबईचा वाचक इथे पारश्यांच्या चिन्वत पुलाकडे, म्हणजे मेल्यावर आत्म्याला ओलांडाव्या लागणाऱ्या पुलाकडे वळतो, आणि ते स्वाभाविक आहे. पूल जरथुष्ट्राच्या गाथांत आहे आणि तो जुना आहे. पण पुनरुत्थानाचे तपशीलवार वर्णन ज्यात येते ते बुंदहिश्न हे पारशी पुस्तक इ. स. नवव्या शतकाच्या सुमारास आकाराला आले. यहुद्यांचा इराणी लोकांशी संपर्क नक्की होता, पण उसनवारी सिद्ध करणे अवघड.

आणि यहुदी नरक सहसा अनंत नाही, हे बायबल मिटल्यावर मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या जुन्या नियमसंग्रहात, शोधावे लागते. त्यातल्या एदुयोत या भागात 2:10 म्हणते: गेहिन्नोममध्ये दुष्टांचा न्याय बारा महिने. म्हणूनच आईबापांसाठी कद्दीश ही प्रार्थना अकरा महिने म्हणायची रीत पडली. बारा म्हटले तर आपणच त्यांना दुष्ट ठरवल्यासारखे होईल.

बेने इस्राएल, म्हणजे मुंबई-कोकणातली यहुदी मंडळी, मराठीच बोलतात. प्रार्थनेच्या सभागृहाला ‘मशीद’ म्हणायची त्यांची जुनी रीत आहे. 1796 मध्ये स्थापन झालेले शाआर हारहामीम हे सभागृह सॅम्युअल स्ट्रीटवर आजही उभे आहे. यहुदी थडग्यांवर खाली एका वाक्याची आद्याक्षरे म्हणून पाच हिब्रू अक्षरे दिसतात: ताव, नून, त्सादी, बेत, हे. ती 1 शमुवेल 25:29 मधून आलेली आहेत. ते वचन वाचताना अबीगईल कोणाशी बोलते आहे ते पाहा. दावीद समोर जिवंत उभा आहे. त्याचा जीव जिवंतांच्या गाठोड्यात परमेश्वरापाशी बांधलेला राहो, म्हणजे शत्रूच्या हातून तो मरू नये, एवढेच ती म्हणते. तेच शब्द आज दगडावर मेलेल्यासाठी कोरलेले आहेत.